घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो: मॅटवर सराव करणाऱ्यांसाठी तपासणीचा क्रम

माझा उजवा घोटा तीन वर्षांत चार वेळा मुरगळला आणि चारही वेळा मी तीच चूक केली. सूज उतरली आणि चालताना दुखायचे थांबले की त्याच आठवड्यात मी मार्शल आर्ट्सच्या मॅटवर परत उभा राहत असे. पुढे शिकवायला लागल्यावर विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तेच घडताना पाहिले. ‘माझा घोटाच मुळात कमकुवत आहे’ असे सांगत जो येतो, त्याची नीट चौकशी केली तर बहुतेक वेळा असे निघते की पहिल्या दुखापतीतून तो पुरता बाहेर आलेलाच नाही. दुखणे थांबणे आणि घोटा बरा होणे या दोन घटनांमध्ये काही आठवड्यांचे, कधी काही महिन्यांचे अंतर असते, आणि पुढची दुखापत बहुधा याच काळात होते.

खालचा क्रम मी माझ्या घोट्यावर आणि नंतर अनेकांच्या घोट्यांवर वापरलेला आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, पुढच्यांना वेळ आणि चिकाटी लागते, आणि शेवटच्या आपल्या हातातल्या नाहीत.

लक्षणे

नेहमीचे चित्र असे असते. पाऊल आतल्या बाजूला वळते, तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करतो आणि शरीराचा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या किंचित पुढे आणि खाली कळ उठते, तासाभरात अंड्याएवढी सूज येते आणि दोन दिवसांनी टाचेच्या बाजूने निळसर काळा डाग उतरतो. ही पहिली वेळ झाली. पुढच्या वेळी दुखणे कमी असते, सूजही कमी असते आणि माणूस लवकर परततो, म्हणून दुखापत किरकोळ वाटते. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत सपाट जमिनीवर साधे वळतानाही घोटा ‘सुटल्यासारखा’ वाटू लागतो, उडी मारून उतरताना मन कचरते, सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा आखडलेला असतो आणि खोल बैठकीत एका पायाची टाच दुसऱ्यापेक्षा आधी उचलली जाते.

या वर्णनाशी तुमचे लक्षण जुळत असेल तर पुढे वाचा. दुखणे घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असेल, टाचेच्या मागच्या जाड शिरेत, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीत, असेल, किंवा बाहेरच्या हाडामागे काहीतरी ‘टक्’ करून सरकत असेल, तर ही तक्रार वेगळी आहे. अशांनी मधले सगळे सोडून शेवटच्या भागाकडे जावे.

दुखापत ताजी असेल तर सगळ्यात आधी हाड

घोटा नुकताच मुरगळला असेल तर कोणताही व्यायाम किंवा चाचणी करण्यापूर्वी हाड मोडलेले नाही, एवढे ठरवले पाहिजे. त्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम आजही जगभर वापरले जातात आणि ते कोणालाही लक्षात ठेवता येतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबून पाहावी. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी जे हाडाचे टेंगूळ लागते ते दाबावे, आणि पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरचे हाड दाबावे. यांपैकी कोठेही हाडावरच कळ आली, किंवा दुखापत होताच आणि नंतर तपासणीच्या वेळीही लंगडत का होईना ४ पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लहान मुलांच्या बाबतीत मी हे नियम स्वतः लावत बसत नाही. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि ती अस्थिबंधापेक्षा, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या लिगामेंटपेक्षा, कमकुवत असू शकते, त्यामुळे मोठ्या माणसात जिथे नुसते मुरगळले असते तिथे मुलाच्या वाढीच्या कूर्चेला इजा झालेली असू शकते. मुलाला हाडावर दुखत असेल तर थेट डॉक्टरांकडे न्यावे. पाऊल वेडेवाकडे दिसत असेल, बोटे बधिर किंवा थंड पडली असतील, तर वय न पाहता तेच करावे.

हाड शाबूत आहे हे कळल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस साधे असतात. सराव बंद ठेवावा. क्रेप बँडेज बोटांकडून सुरू करून वर नडगीपर्यंत गुंडाळावे, म्हणजे सूज खाली पावलात साचत नाही. बोटे मुंग्या येऊन बधिर झाली तर ते सैल करावे. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटे लावल्यास वेदना कमी होते, त्याहून मोठ्या अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नयेत. ज्या अमेरिकी डॉक्टरांनी, गेब मर्किन यांनी, १९७८ मध्ये ‘विश्रांती, बर्फ, दाब, उंची’ हे सूत्र रूढ केले, त्यांनीच २०१४ मध्ये लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती भरून येण्याला मदत करण्याऐवजी उशीर करू शकतात. वेदना सहन होईल तेवढे चालावे आणि पाय वर ठेवलेला असताना पावलाने हवेत अक्षरे काढावीत. मालीश, गरम शेक आणि कोणाकडून तरी पाय ओढून ‘बसवून घेणे’ या तीन गोष्टी या दिवसांत कटाक्षाने टाळाव्यात, कारण फाटलेल्या तंतूंमधून रक्त झिरपत असताना त्या सूज वाढवतात.

पहिली तपासणी: घोटा नेमका केव्हा मुरगळतो?

कागद घ्या आणि आठवतील तेवढ्या वेळा लिहून काढा. सरावाच्या कितव्या मिनिटाला, कोणते तंत्र करताना, कोणता पाय, एकटे असताना की जोडीदाराबरोबर, आणि आधीच्या दुखापतीनंतर किती दिवसांनी? हे करायला लोक कंटाळतात, पण निम्मे उत्तर बहुधा याच कागदावर असते. माझ्या चारपैकी तीन वेळा सरावाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या होत्या आणि तिन्ही वेळा मी फिरून मारलेल्या लाथेनंतर उतरत होतो. थकलेला स्नायू उशिरा जागा होतो, आणि सर्वांत अवघड उतरणे आम्ही नेमके सरावाच्या अखेरीस ठेवलेले होते. तंत्राचा क्रम बदलून उड्या आणि गिरक्या अंग गरम झाल्याबरोबर घेतल्या, तेवढ्याने पुष्कळ फरक पडला.

दोन दुखापतींमधले अंतर सहा आठवड्यांपेक्षा कमी निघाले तर उत्तर आणखी सोपे आहे. अस्थिबंध दुखापतीनंतर सुमारे सहा आठवडे नवे तंतू घालत असतो. ते तंतू ताणाच्या दिशेने लागून पक्के होण्याचे काम त्यानंतरही कित्येक महिने चालू राहते. पुन्हा मुरगळण्याचा धोका पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो, हे याच्याशी सुसंगत आहे.

दुसरी तपासणी: पायाखालची जमीन

हे पाहायला पाच मिनिटे लागतात. जोडून अंथरलेल्या मॅटच्या सांध्यांवरून अनवाणी पायाने सावकाश घासत चाला. करंगळी अडकेल एवढी फट किंवा एका तुकड्याची वर आलेली कड सापडली तर तिथेच कोणाचा तरी घोटा वळणार आहे असे समजावे. पडण्यासाठीच्या जाड मऊ मॅटवर लाथांचा सराव करू नये. त्यात पाऊल रुतते आणि कंबर फिरली तरी पाऊल फिरत नाही. घामाने ओली मॅट घसरते आणि नवीन कोरडी मॅट पायाला चिकटते. घोट्यासाठी चिकटणारी मॅट अधिक वाईट, कारण घसरणारे पाऊल निदान सुटते तरी.

तिसरी तपासणी: गुडघा भिंतीला लागतो का?

भिंतीकडे तोंड करून उभे राहा. एका पायाचा अंगठा भिंतीपासून काही सेंटिमीटरवर ठेवा, पाऊल भिंतीला काटकोनात असू द्या आणि टाच जमिनीवरून न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल थोडे मागे सरका आणि पुन्हा पाहा. टाच न उचलता गुडघा टेकतो अशा शेवटच्या ठिकाणी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा आणि दुसऱ्या पायाचेही मोजा. अनेकांचे १० सेंटिमीटरच्या आसपास येते, पण आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक महत्त्वाचा आहे. दुखावलेला पाय २ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक मागे असेल तर घोट्याची पुढे वाकण्याची क्षमता परत आलेली नाही.

याला इतके महत्त्व देण्याचे कारण सांध्याच्या घडणीत आहे. नडगीच्या दोन हाडांनी केलेल्या खोबणीत घोट्याचे जे हाड बसते, ते पुढच्या बाजूला रुंद आणि मागच्या बाजूला अरुंद असते. गुडघा पुढे गेला की रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो आणि सांधा जवळजवळ कुलूप लागल्यासारखा स्थिर होतो. चवडा खाली झुकलेला असला की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल होतो; बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध, जो मुरगळताना बहुधा सर्वांत आधी फाटतो, नेमका याच स्थितीत ताणलेला असतो. ज्याचा घोटा पुढे वाकतच नाही, तो माणूस प्रत्येक पवित्र्यात आणि प्रत्येक उतरण्यात आपल्या सांध्याच्या सैल अर्ध्या भागातच वावरत असतो.

उपाय म्हणजे हीच चाचणी व्यायाम म्हणून करणे. गुडघा भिंतीकडे सावकाश नेऊन परत आणावा, १०-१५ वेळा, दिवसातून दोनदा. सोबत पोटरीचा ताण गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून असा दोन्ही प्रकारे द्यावा, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत आणि त्यांतला खोलवरचा फक्त वाकलेल्या गुडघ्यातच नीट ताणला जातो. ताण मागे पोटरीत जाणवला तर बरोबर चालले आहे. घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी चिमटल्यासारखे दुखले तर मात्र जोर लावू नये. तिथे हाडाचा किंवा मऊ ऊतीचा अडथळा असू शकतो आणि तो ताणून जात नाही.

चौथी तपासणी: डोळे मिटून एका पायावर

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण सर्वांत जास्त लोक इथेच नापास होतात आणि सर्वांत कमी लोक यावर काम करतात.

भिंतीजवळ अनवाणी उभे राहा. हात कमरेवर ठेवा, एक पाय उचला, आधी डोळे उघडे ठेवून ३० सेकंद आणि मग डोळे मिटून ३० सेकंद. उचललेला पाय जमिनीला लागला, हात सुटले, डोळे उघडले किंवा उभे पाऊल जागेवरून सरकले की एक चूक मोजा. दुसऱ्या पायाची मोजणी करून तुलना करा. डोळे उघडे असताना दोन्ही पाय सारखे आणि डोळे मिटल्यावर दुखावलेला पाय एकदम डगमगणारा, असे असेल तर दोष स्नायूच्या ताकदीपेक्षा जाणिवेत आहे.

१९६५ मध्ये ब्रिटिश अस्थिशल्यविशारद मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे एक स्पष्टीकरण मांडले. अस्थिबंध म्हणजे नुसती दोरी नव्हे; पाऊल कोणत्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोके त्यात असतात. अस्थिबंध फाटतो तेव्हा ती टोकेही तुटतात, म्हणून दोरी सांधली गेली तरी खबर पोहोचायला उशीर होतो. पुढच्या संशोधनाने या चित्रात मेंदू आणि पाठीचा कणा यांच्या वाट्याची भर घातली, पण व्यवहारात निष्कर्ष तोच राहिला, की तोल हा पुन्हा शिकावा लागतो. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोटा नुकताच मुरगळलेले ५२२ खेळाडू होते. त्यांतल्या निम्म्यांनी नेहमीच्या उपचारांबरोबरच ८ आठवडे घरच्या घरी, कोणाच्या देखरेखीविना, तोलाचे व्यायाम केले. वर्षभरात त्यांच्यापैकी २२ टक्के जणांचा घोटा पुन्हा मुरगळला, तर व्यायाम न केलेल्या गटात ३३ टक्के जणांचा. एका पायावर उभे राहण्याला काहीच खर्च नाही हे लक्षात घेता हा फरक मोठा आहे.

मी देतो तो क्रम असा आहे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा, सपाट जमिनीवर, डोळे उघडे आणि मग मिटून. त्यानंतर घडी घातलेल्या मॅटवर किंवा उशीवर. त्यानंतर दुखावलेल्या पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने लाथेची पहिली अवस्था, म्हणजे गुडघा वर उचलून धरणे, इतक्या सावकाश की एका लाथेला दहा सेकंद लागावेत. शेवटच्या दोन आठवड्यांत जोडीदाराने खांद्याला अनपेक्षित दिशेने हलके धक्के द्यावेत किंवा पॅड पुढे करावा. तिसऱ्या टप्प्यावर पोहोचलेले बहुतेक जण ‘आता जमले’ म्हणून थांबतात. आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. सावकाश लाथ मारताना उभ्या पायाच्या बाजूची कंबर बाहेर पडत असेल तर नितंबाच्या बाजूच्या स्नायूचेही काम आहे असे समजावे, कारण कंबर बाहेर गेली की भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो.

पाचवी तपासणी: ताकद

एका पायावर उभे राहून टाच पूर्ण वर उचला आणि सावकाश खाली आणा. भिंतीला बोटे टेकवलेली चालतील. २५ च्या आसपास जमायला हवेत आणि दोन्ही पायांचा आकडा जवळजवळ सारखा हवा. टाच वर असताना घोटा बाहेरच्या बाजूला झुकतो का, तेही पाहा. मग बसून पावलाभोवती रबरी पट्टा घालून पाऊल बाहेर वळवण्याचा जोर दोन्ही बाजूंनी तपासा. घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून जाणारे स्नायू हे काम करतात आणि पाऊल आत वळू लागले की आवरणारेही तेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाऊल वळायला लागल्यावर हे स्नायू धावून येतील आणि वाचवतील, असे सहसा होत नाही. घोटा वळून अस्थिबंधावर ताण येण्याला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो आणि स्नायूला पूर्ण जोर लावायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पाऊल जमिनीला टेकण्यापूर्वीच ते स्नायू ताणलेले असले पाहिजेत, आणि तो प्रश्न तंत्राचा आहे.

सहावी तपासणी: तंत्र

फोनवर बाजूने आणि मागून चित्रण करा. आरशात पाहून हे कळत नाही, कारण आरशात पाहताना आपण आपोआप नीट उभे राहतो.

गोल लाथेत उभ्या पायाचे पाऊल पाहा. कंबर फिरते तेव्हा पाऊलही चवड्यावर फिरले पाहिजे आणि टाच, भार उचलून, लक्ष्याकडे वळली पाहिजे. पाऊल सपाट चिकटून राहिले तर कंबरेचे फिरणे गुडघ्यात आणि घोट्यात जिरते. ज्या शैलींत टाच जमिनीवरच ठेवायला शिकवतात, तिथे पाऊल लाथेच्या आधी वळवून ठेवावे लागते, लाथ चालू असताना नव्हे. उलट दिशेची चूकही मी पाहिलेली आहे. पाऊल फार वर, जवळजवळ बोटांच्या टोकांवर उचलले जाते, आणि मग वर सांगितलेल्या सैल स्थितीत संपूर्ण शरीर एका बिंदूवर फिरते. टाच जमिनीपासून कागदाच्या जाड गठ्ठ्याएवढी सुटली तरी पुरते.

उडी किंवा गिरकी घेऊन उतरताना चवडा लोंबकळता ठेवू नये. हवेत असतानाच बोटे किंचित नडगीकडे ओढलेली असावीत, पाऊल खांद्याच्या रेषेत असावे आणि टेकताच गुडघा वाकावा. आवाज हे उत्तम मोजमाप आहे. धप्प असा आवाज आला तर गुडघा वाकलेला नाही.

ज्युदोतल्या पायाच्या झाडणीत झाडणाऱ्याचाच घोटा जातो, हे अनेकांना पटत नाही. या झाडणीत तळवा समोरच्याच्या पावलाला भिडतो आणि आपल्या करंगळीची कड मॅटला घासून जाते; म्हणजे पाऊल मुळातच आत वळलेले असते. समोरच्याचा भार त्या पायावरून उठण्याच्या क्षणी झाडणी बसली तर काही होत नाही. भार पूर्ण टेकलेल्या पायावर जोराने झाडले तर आपला घोटा आत वळलेल्या स्थितीत खांबावर आपटल्यासारखा होतो. वारंवार मुरगळणाऱ्याने काही महिने ही झाडणी सरकत्या जोडीदाराबरोबर फक्त वेळ साधण्यासाठी करावी, जोरासाठी नव्हे.

जमिनीवरच्या झुंजीत सरळ घोट्याची पकड पावलाला नेमके त्याच दिशेने, खाली आणि आत, ताणते. ज्याचा अस्थिबंध आधीच सैल आहे त्याला धोक्याची जाणीव उशिरा होते, म्हणून अशाने दुखायची वाट न पाहता पकड बसताच हार मानल्याची थाप द्यावी, आणि जोडीदाराला सुरुवातीलाच ‘उजवा घोटा नको’ असे सांगावे. हे सांगायला संकोच वाटतो, मलाही वाटत असे. वर्ग सुरू होताना टाचांवर बसण्याची वज्रासनासारखी बैठकही दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत टाळावी किंवा बोटे मुडपून बसावे, कारण त्या बैठकीत घोट्याची पुढची बाजू शरीराच्या वजनाने ताणली जाते.

सातवी तपासणी: परतण्याची घाई

तारखेवरून परतू नये. भिंतीची चाचणी दोन्ही पायांत जवळजवळ सारखी, डोळे मिटून तोल सारखा, टाच उचलण्याचा आकडा सारखा आणि एका पायावर पुढे, बाजूला व तिरक्या उड्या मारताना मनात कचर नाही, या चारही गोष्टी जमल्या की जोडीदाराशिवायचा सराव पूर्ण वेगाने सुरू करावा. त्यानंतर पॅड, मग ठरवून दिलेल्या चालींचा सराव, मग हलकी झुंज, आणि उड्या सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा पाहावा. सूज किंवा नवा आखडलेपणा असेल तर एक पायरी खाली यावे. सौम्य दुखापतीत हे सगळे दोन-तीन आठवड्यांत होते. अस्थिबंध पूर्ण फाटला असेल तर तीन महिनेही लागतात.

आधार: पट्टा की चिकटपट्टी?

आधी मुरगळलेल्या घोट्यासाठी आधार उपयोगी आहे, याला चांगला पुरावा आहे. आधाराने स्नायू ‘आळशी होतात’ ही भीती मी खूप ऐकली, पण व्यायाम चालू असताना तसे होताना मला दिसलेले नाही. लेस बांधायचा पट्टा पहिले सहा महिने ते वर्षभर झुंजीच्या सरावात वापरावा. चिकटपट्टी नीट बांधली तर सुरुवातीला घट्ट असते, पण वीस-तीस मिनिटांच्या घामाने आणि हालचालीने तिचा बराच जोर जातो, शिवाय ती दर वेळी नवी लागते. अनवाणी सरावात पट्ट्याचा तळव्याखालचा भाग घसरतो का, हे आधी सावकाश पाहून घ्यावे. स्पर्धेत टणक भाग असलेला आधार सहसा चालत नाही, म्हणून आपल्या खेळाचा नियम आधी वाचून स्पर्धेच्या महिनाभर अगोदरपासून मऊ पट्टीवर सराव करावा. तोलाचे व्यायाम मात्र पट्टा काढूनच करावेत.

इथे थांबावे आणि तज्ज्ञाकडे जावे

वरचे सगळे प्रामाणिकपणे दोन ते तीन महिने करूनही घोटा सुटत असेल तर स्वतःचे प्रयोग थांबवून फिजिओथेरपिस्ट आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांना दाखवावे. पुढच्या तक्रारींसाठी तर तेवढेही थांबू नये.

नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये, घोट्याच्या वर दुखत असेल, आणि पाऊल अडकून शरीर फिरले तेव्हा, विशेषतः कुस्ती किंवा पकडापकडीत, ही दुखापत झालेली असेल, तर दोन हाडांना बांधणारा अस्थिबंध दुखावलेला असू शकतो. त्याला नेहमीच्या मुरगळण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो आणि दुर्लक्ष झाले तर सांधा कायमचा बिघडतो. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून पोटरीतला जोर गेला आणि पालथे झोपून पोटरी दाबली तरी पाऊल हलत नसेल, तर टाचेची मोठी शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. बाहेरच्या हाडामागे शीर सरकण्याचा आवाज येणे, सांधा मध्येच अडकणे, सहा आठवड्यांनंतरही सांध्याच्या आत खोल ठणका आणि सूज राहणे ही शीर जागा सोडत असल्याची किंवा कूर्चेला इजा झाल्याची चिन्हे असू शकतात, आणि ती साध्या एक्स-रेमध्ये सुटू शकतात. किशोरवयीन मुलाचा घोटा कारण नसताना वारंवार मुरगळतो आणि त्याचे पाऊल सपाट व ताठ आहे, तर पावलातली दोन हाडे जन्मतः जोडलेली तर नाहीत ना, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. ताज्या दुखापतीत पहिल्या दिवशी सूज आणि वेदना यांमुळे अस्थिबंध किती फाटला हे हाताने नीट कळत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी केलेली तपासणी अधिक खात्रीची असते. म्हणून पहिल्या दिवशी ‘काही नाही, मुरगळले आहे’ असे सांगून घरी पाठवले असेल तरी त्या आठवड्याच्या अखेरीस पुन्हा दाखवावे, आणि पहिल्या तपासणीत लिहिलेला कागद सोबत न्यावा. किती वेळा, कोणत्या तंत्रात, किती अंतराने आणि कोणते व्यायाम किती आठवडे केले, हे त्यावर असेल तर डॉक्टरांचा निर्णय सोपा होतो.

शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. लागलीच तर बहुधा स्वीडिश शल्यविशारद ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीवर आधारलेली असते. तीत ताणून सैल झालेला स्वतःचाच अस्थिबंध आखडून पुन्हा हाडाला शिवतात, आणि १९८० मधल्या सुधारणेनंतर शेजारच्या ऊतीचा आधारही त्याला देतात. त्यानंतर झुंजीत परतायला काही महिने लागतात. शिवलेल्या अस्थिबंधाला पावलाच्या कोनाची खबर आपोआप परत मिळत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचा आधाराचा बूट निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट जो पहिला व्यायाम उभ्याने करायला सांगतो, तो पुन्हा तोच असतो, भिंतीजवळ, अनवाणी, एका पायावर, ३० सेकंद.